नातीच्या वाटच्या उड्या

पी.टी.च्या मास्तराला गावात फारसं कुणी विचारत नाही. गणिताच्या सरांना पालक रस्त्यात अडवतात, इंग्रजीच्या मॅडमना दिवाळीत फराळाचे डबे येतात. आम्हाला काय येतं? किस्से! तेही न मागता. ग्राउंडवर उभं राहिलं की निम्मं गाव समोरून जातं, आणि गळ्यात शिट्टी असल्यामुळे आपण कुणाला दिसत नाही. मग ते किस्से साचत जातात.

मी मुलाणी. सणसरच्या बाजूला एका छोट्या गावच्या हायस्कुलात पी.टी. शिकवतो. बाकीचं सोडा, एका मोबाईलच्या गेमनं मला एका वर्षात जेवढं दिलं, तेवढं आधीच्या सगळ्या नोकरीनं दिलं नसेल.

*

सुरुवात झाली पंधरा ऑगस्टला. संचलनात ग्राउंडला दोनच फेऱ्या मारायच्या होत्या. दुसऱ्या फेरीला निम्मी सातवी खाली बसली! पाहुणे बघतायत, बँड वाजतोय, आणि पोरं पोटाला धरून धापा टाकतायत. एकाला म्हटलं, "अरे, एवढ्यात दम लागला?"

तो म्हणाला, "सर, गेममधी मी सगळं बेट पळतो. तितं कदी लागत न्हाय!"

हेडसर संध्याकाळी म्हणाले, "मुलाणी, पी.टी.चे तास वाढवून मिळणार नाहीत." मी मागितलेही नव्हते. जे होते त्यातलेच निम्मे गणिताच्या सरांनी पोर्शन राहिला म्हणून कधीच ताब्यात घेतले होते.

तेव्हा मला अमोल आठवला. आमचाच विद्यार्थी, आता बारामतीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकतो. शाळेत असताना नेमकं माझ्या तासाला याचं पोट दुखायचं. मी त्याला फोन करून रडगाणं सांगितलं. महिन्याभरात त्यानं गेम करून आणला, नाव 'राखण'.

गेम सोपा. मोबाईलवर गावाचा नकाशा. नकाशात कुठंतरी पाखरांचा थवा उतरतो. पोरानं त्या जागी चालत किंवा पळत जायचं, मोबाईल खिशात ठेवून उड्या मारायच्या. उड्या पडतील तशी पाखरं उडतात आणि पोराच्या कणगीत दाणे पडतात. ज्याची कणगी भरली त्याचं नाव सकाळी परिपाठाला घ्यायचं, आणि त्यानं उभं राहायचं. बस्स.

ज्यानं माझ्या तासाला कधी उडी मारली नाही, त्यानं दुसऱ्यांना उड्या मारायला लावणारा गेम केला!

हेडसरांनी चष्मा काढून विचारलं, "मोबाईलनं बिघडलेली पोरं मोबाईलनंच सुधारायची?"

"काट्यानं काटा काढायचा, सर."

"काढा. पण रुतला तर माझं नाव सांगू नका!"

*

अमोलनं पाखरांच्या जागा बारामतीत बसून, नकाशा बघून टाकल्या होत्या. त्याला काय माहीत कुठल्या दारात काय चाललंय!

पहिल्याच रविवारी थवा उतरला तो नेमका जालिंदररावांच्या दारात. आणि त्या दिवशी त्यांच्याकडे मुलगी बघायचा कार्यक्रम. इंदापूरचे पाहुणे सतरंजीवर बसलेले, मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आलेली, आणि तेवढ्यात फाटकातून पंधरा-वीस पोरं आत! कुणाशी बोलणं नाही, चालणं नाही. अंगणात गोल करून उड्या मारायला लागली. वर "हुर्र! हुर्र!" असं ओरडणं. मग आली तशी पळाली.

पाहुण्यांची बशी हातातच राहिली. मुलाच्या वडलांनी विचारलं, "हे काय होतं?"

जालिंदरराव पडले बेरकी माणूस. ते म्हणाले, "आमच्या गावची रीत हाय. सोन्यासारखं पाव्हणं आलं, की पोरं उड्या मारत्यात."

लग्न ठरलं! पण खरी गंमत पुढं. लग्नाच्या दिवशी वरात गावात आली, वाजंत्री थांबली, आणि नवऱ्या मुलाचे वडील काही मांडवात येईनात. जालिंदरराव हात जोडून पुढं गेले, तर व्याही म्हणाले, "आधी त्या उड्या मारायच्या पोरांना बोलवा!"

*

याच सुमारास गौरीचं नाव आलं.

गौरी सातवीतली. किसनतात्यांची नात. आमच्याकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघाल्या, की पोरं मागं पळत जाऊन चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसतात. सगळ्यांनीच उपसलाय, मीही उपसलाय. आदल्या हंगामात गौरी तशीच पळाली, ऊस हातात आला, पण तोल गेला आणि पाय मोडला. ऑपरेशन झालं, रॉड बसला. पावसाळ्यात बारामतीच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "हाड जुळलंय. आता पाय टेकवायचा, चालायचं, पळायचं."

पण गौरी पाय टेकवेना! काखेत कुबडी, आणि तो पाय जमिनीपासून बोटभर वर. दुखतो का म्हणावं, तर नाही. भीती वाटते. आमच्या ग्राउंडवर सगळ्यांच्या पुढं पळणारी ही पोर, आता माझ्या तासाला पायरीवर बसून पोरांच्या चपला राखायची. डॉक्टर तात्यांना म्हणाले होते, "उन्हाळ्यात पुन्हा दाखवायला आणा. तोवर पाय वापरला नाही, तर तो बारीक पडेल आणि ही जन्मभर लंगडेल." मला तिच्याकडे बघवत नसे, हे खरंच सांगतो.

गेमसाठी नावं लिहून घेताना मी तिला मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, "सर, माझं नको."

मागं तात्या उभे होते. रोज मोपेडवर तिला आणून सोडायचे. ते म्हणाले, "घ्या हो सर नाव. ल्येकराच्या नावाला काय पाय लागतो?"

*

दिवाळीच्या आधी परिपाठात रोज नावं वाचली जायला लागली. मी खूश! पण एक गोष्ट खटकत होती. ज्यांच्या कणग्या भरत होत्या, ती पोरं ग्राउंडवर अजून तशीच धापा टाकत होती. आणि गौरीचं नाव तर दर दोन दिवसांनी!

एका संध्याकाळी मी नकाशात बघून थव्याच्या जागी गेलो. मारुतीच्या पारापुढं. बघतो तर काय! सात-आठ म्हातारी माणसं धोतराचे सोगे खोचून, लुगड्याचे ओचे सावरून उड्या मारतायत! कुणी जमिनीपासून दोन बोटं वर, कुणी नुसतेच गुडघ्यात वाकून उभे. मधोमध किसनतात्या.

"तात्या, हे काय?"

"नातीच्या वाटच्या उड्या मारतूय. तिच्या पायाला आराम नको व्हय?"

बाजूच्या आजी म्हणाल्या, "आमचा बंट्या ट्यूशनला गेलाय. बिचाऱ्यानं काय काय करायचं?"

आमच्याकडे लेकराची प्रोजेक्टची वही आई लिहिते, चित्र मामा काढतो, भाषण मास्तर लिहून देतात. तर उड्या आज्यानं मारल्या, यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं! मी कपाळाला हात लावला.

आठवड्यानं आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई शाळेत आल्या. म्हणाल्या, "मुलाणी सर, तुम्ही काय चालू केलंय? गावातल्या म्हाताऱ्यांची शुगर उतरायला लागलीय!"

हेडसर माझ्याकडे बघून म्हणाले, "अभिनंदन! आता मुलांचं कधी बघताय?"

*

छोटासाच किस्सा. सहावीतल्या एका पोराची कणगी बसल्या जागी भरायला लागली. त्याचा आजाही नाही, आजीही नाही. मग उड्या कोण मारतं? शेवटी कळलं, की पोरगं बापाच्या गाडीवर मागं बसून फाट्यापर्यंत जातं. आमचा फाट्याचा रस्ता असा, की माणूस गाडीवर बसला तरी अंगानं उड्याच मारत जातो. मोबाईलला काय कळणार?

अमोलनं दुरुस्ती केली. पळत्या गाडीवरच्या उड्या मोजायच्या बंद.

पोराचा बाप दुसऱ्या दिवशी शाळेत. "सर, ह्यो अन्याय हाय. उडालोय तर आमीच की!"

*

दिवाळीनंतर उसाला तोडी चालू झाल्या. एक थवा उतरला तो बापूरावांच्या उभ्या उसाच्या मधोमध. पोरांना मी सक्त ताकीद दिली, उसात पाऊल टाकायचं नाही. बिबट्याचा भरवसा नाही. पण अमोलची परीक्षा चालू, त्यामुळे थवा तिथून हलेना, आणि सगळ्यांच्या कणग्या अडून बसल्या.

आता कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची, हे बघणारा कारखान्याचा माणूस म्हणजे चिटबॉय. त्याचा पोरगा आमच्याच सहावीत! पोरानं घरी जेवण सोडलं. बाकीच्या पोरांच्या आया चिटबॉयच्या बायकोकडे जाऊन बसल्या. ऊसतोडीची टोळी नाहीतरी शेजारच्याच रानात होती. चार दिवसांत बापूरावांचा ऊस तुटून गेला, आणि मोकळ्या रानात पोरांनी धुमाकूळ घालून पाखरं उडवली.

बापूराव पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत आले. वाकून म्हणाले, "सर, तोडीसाठी दरसाल माझ्या चपला झिजत्यात. औंदा घरबसल्या झालं." मग इकडंतिकडं बघून हळूच, "फुडल्या हंगामाला पाखरं कुटं बसनार, ते जरा आदी कळवा."

त्या आठवड्यात माझ्या घरी तिघं शेतकरी सातबारा घेऊन येऊन गेले!

*

वालचंदनगरच्या एका शाळेनं अमोलकडून गेम घेतला. मग ठरलं, दोन शाळांची मॅच घेऊ. त्यांची पोरं बसनं आली. पांढरे बूट, एकसारखे टी-शर्ट, रांगेत उतरली. आमची पोरं अनवाणी, भिंतीवर बसून बघतायत.

शिट्टी वाजली आणि रेंज गेली! टॉवरचं काय झालं देव जाणे. अमोल लॅपटॉप घेऊन पाण्याच्या टाकीवर चढला. त्यांचे सर आणि मी मोबाईल वर धरून ग्राउंडभर फिरतोय. अर्ध्या तासानं बघतो, तर बूट एका कोपऱ्यात ढीग लावून ठेवलेले, आणि दोन्ही शाळांची पोरं मिळून सूरपारंब्या खेळतायत! मग कबड्डी झाली, मग पळापळी झाली. दिवस मावळला तरी कुणी बसमध्ये चढेना.

हेडसर ओट्यावरून ओरडले, "मुलाणी, रेंज आली तर सांगू नका!"

*

रमजान लागला. मला रोजे. दुपारी उन्हात उड्या मारून दाखवायचं अंगावर येतं, पण पोरांसमोर बसून कसं शिकवणार? एक दिवस ग्राउंडवर उभा राहिलो, तर सातवी सगळी गोल करून उभी.

मॉनिटर म्हणाला, "सर, तुमी बसा. रोजा सोडस्तवर तुमच्या वाटच्या उड्या आमी मारतो."

मी म्हटलं, "बाबांनो, हेच तर बंद करायचंय!" पायरीवरून गौरी हसत होती.

*

बंद करायचंच होतं. मी परिपाठाला जाहीर केलं, "सोमवारपासून ज्याच्या उड्या त्यानं मारायच्या. आज्याच्या उड्या सापडल्या तर नाव कटाप!"

शाळा सुटल्यावर किसनतात्या आले. पटक्याच्या टोकानं तोंड पुसत माझ्यासमोर बाकावर बसले.

"सर, पोरीचं नाव काढू नका."

"तात्या, तुमच्या उड्यांनी तिचा पाय भरणार आहे का?"

"न्हाय. त्येवडं मला कळतंय." तात्यांनी दाराकडं बोट केलं. "सकाळी तिचं नाव घेतलं की ती हुबी ऱ्हाती. दिसभरात त्येवडीच. बाकाला न धरता हुबी ऱ्हाती, मी दारातनं बगतो. त्ये नाव काढलं, तर ती कशाला हुबी ऱ्हाईल, सर?"

मी रोज नावं वाचतो, पण मान वर करून कधी बघितलं नव्हतं. शिट्टीचा दोर उगीच बोटाला गुंडाळत बसलो. शेवटी म्हटलं, "बरं. तुमच्या उड्या चालतील. पण एक अट. थव्याच्या जागी ती तुमच्याबरोबर आली पाहिजे. नुसती बसू दे, पण आली पाहिजे."

"आनतो की!" तात्या म्हणाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मोपेडवर आजा आणि नात. नात कुबडी मांडीवर घेऊन बसायची, आजा उड्या मारायचा. "आजून चार! गुडघं वाकवा, तात्या!" असं तीच ओरडायची. जरा बरं वाटायचं. पण पाय बोटभर वर तो वरच. ऊन तापायला लागलं होतं, आणि बारामतीला दाखवायला न्यायचे दिवस जवळ आले होते.

*

आणि मग ती संध्याकाळ.

मी भवानीनगरहून गाडीवर परत येत होतो. तात्यांच्या रानापाशी रस्त्यावरून बघितलं, तर गौरी बांधावर बाभळीखाली बसलेली, शेजारी कुबडी. तात्या लांब, नांगरलेल्या रानाच्या पलीकडे, पाण्याच्या चारीच्या काठावर. कॅनॉलच्या पाण्याची पाळी नुकतीच होऊन गेली होती. चारीत गुडघाभर पाणी, खाली चिखल. म्हटलं, आज थवा इथं उतरलाय वाटतं. गाडी स्टँडवर लावत होतो, तेवढ्यात आवाज आला, धप्प! आणि पाठोपाठ तात्यांची आरोळी, "मेलो गं गौरेऽ!"

काठावर तात्या दिसेनात.

गौरीनं रस्त्याकडं बघितलं. मी होतो, पण तारेच्या कुंपणाअलीकडे. पोर उठली. बाभळीला धरून उभी राहिली. "तात्या!" म्हणून ओरडली. तिकडून नुसतं कण्हणं. तिनं पाय खाली टेकवला. मला वाटलं, आता खाली बसते. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि मग पळाली! ढेकळांतून, पडत, सावरत, हात पसरून, सरळ चारीकडं. कुबडी बाभळीखालीच.

मी कुंपण ओलांडून पोचलो, तर ती चारीत दोन्ही पायांवर उभी राहून तात्यांचा दंड ओढत होती. रडतही होती आणि शिव्याही घालत होती, "कुनी सांगितलं व्हतं उड्या मारायला? ह्या वयात? मरायचंय का तुमाला?"

तात्या मिशीतून चिखल गाळत म्हणाले, "न्हाय गं. आता कशाला मरतूय?"

आम्ही दोघांनी त्यांना वर काढलं. हात बघितले, पाय बघितले. ओरखडासुद्धा नाही! गौरीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "हितंच बसा. हालू नका. मी कोरडी कापडं आनते." आणि बांधावरून वस्तीकडं निघाली. भरभर. पाय जरा आत पडत होता, पण पडत होता.

मी तात्यांच्या चपला शोधायला लागलो. म्हटलं, चिखलात रुतल्या असणार. चारीत हात घालून चाचपलं.

"तितं न्हाईत," तात्या म्हणाले.

चपला वर बांधावर होत्या. शेजारी शेजारी नीट लावलेल्या. त्यांच्यावर घडी घालून पटका. पटक्याच्या घडीत चष्मा, तंबाखूची चंची आणि मोबाईल. मोबाईल बंद करून ठेवलेला.

मी तात्यांकडं बघितलं. त्यांनी हात धोतराला पुसायला घेतले, धोतरच चिखलाचं म्हणून माझ्या शर्टाला पुसले. चष्मा डोळ्यांवर चढवला. चंचीतून कोरडी तंबाखू काढून सावकाश मळली, चिमूट तोंडात टाकली. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

ते चष्म्यातून वस्तीच्या वाटेकडं बघत होते.

"चला सर," तात्या म्हणाले, "पोर लई फुडं गेली."